इंदूसिस्टरचा चार्ट

कर्णिककाकांनी कोटाच्या आतल्या खिशातून पौंडाच्या दोन नोटा काढल्या, काउंटरवर ठेवल्या आणि त्यांच्यावर एक पेनी ठेवली.

"काका, रेकॉर्ड एक पौंड साठ पेन्सची आहे," मी म्हटलं.

"असू दे. दान द्यायचं ते नुसतं दोन कशाला? वर एक हवा."

मी रेकॉर्ड पिशवीत घालून पुढे केली. काकांनी ती दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवली.

"ही राहू दे तुझ्याकडे."

"अहो, पण ती तुमची आहे. विकत घेतलीत ना?"

"विकत कुठे घेतली? आजारी पोरांसाठी पैसे दिले मी. दान दिलं आणि लगेच हात पुढे करून वस्तू घेतली, तर मग ते दान कसलं? आमच्या घरात असलं कुणी केलेलं नाही." त्यांनी कानटोपी नीट केली. "आणि वैजू, रेकॉर्ड लावायचं यंत्र तरी आहे का आमच्याकडे?"

ते गेले. मी रेकॉर्ड पुन्हा खोक्यात ठेवली आणि पैसे हॉस्पिटलच्या डब्यात टाकले. मंगळवारची सकाळ होती, आणि सोमवारपासून असं करणारे कर्णिककाका सतरावे होते.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मार्चमधली. लग्न होऊन मी इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला आले होते. नवरा टायरच्या कारखान्यात होता आणि मी एका रेकॉर्डच्या दुकानात काम करत होते. मला इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चिपळूणला असताना रेडिओवर लागेल ते ऐकलं, एवढीच माझी संगीतसाधना. पण दुकानाच्या मालकीण पिकरिंगबाई साठीच्या होत्या, हिशोबाला कडक होत्या, आणि त्यांना माझे आकडे आवडले. दुकानातल्या इतर मुली गाण्यांची नावं पाठ करत, मी रेकॉर्डींचे नंबर पाठ केले. 'वैजयंती' काही त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्या मला नुसतं 'व्ही' म्हणत. मीही चालवून घेतलं.

काउंटरच्या कडेला बिस्किटांच्या डब्याएवढं एक मशीन होतं. रेकॉर्ड विकली की तिचा नंबर त्यात टाकायचा. देशातल्या काही निवडक दुकानांतच अशी मशिनं होती. रोजचे आकडे फोनच्या तारेतून लंडनला जात आणि सोमवार ते शनिवारच्या विक्रीवरून पुढच्या मंगळवारी यादी निघे. पहिली पंच्याहत्तर गाणी म्हणजे चार्ट. त्याखालची आणखी पंचवीस नावं धंद्याच्या मासिकात बारीक अक्षरात येत, पण ती गाणाऱ्यांच्या आयांखेरीज कुणी वाचत नसावं. पिकरिंगबाईंचा नियम एकच होता. रेकॉर्ड दाराबाहेर गेली, तरच नंबर टाकायचा. खोटे नंबर सापडले तर मशीन काढून नेत, आणि त्याबरोबर दुकानाची अब्रूही जाई.

कर्णिककाकांनी परत केलेलं गाणं होतं 'गुड मॉर्निंग, वॉर्ड नाइन'. त्या सुमाराला इंग्लंडात जो उठेल तो कशाच्या ना कशाच्या मदतीसाठी गाणं काढत होता. आमच्या गावच्या हॉस्पिटलात भाजलेल्या मुलांचा वॉर्ड होता, त्यांनीही काढलं. चाल बसवली स्ट्रेचर ढकलणाऱ्या लेननं, गायल्या नर्सेस आणि मुलं. आणि हे सगळं ज्यांनी घडवून आणलं त्या वॉर्डाच्या सिस्टर, इंदुमती उबाळे.

इंदूसिस्टर मिरजेच्या. तिथंच नर्सिंग शिकून तेवीस-चोविसाव्या वर्षी एकट्या इकडे आलेल्या. आता बावन्नच्या होत्या. बुटक्या, निळ्या गणवेशात, छातीवर उलटं लावलेलं घड्याळ. रविवारी सकाळी चर्चला जात आणि दुपारी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला येऊन मागच्या खुर्चीवर बसत. मंडळातल्या बायका त्यांना जरा दबून असत, कारण नाडीला हात न लावता त्या "झोप होत नाही तुझी, कुणाशी भांडतीयस?" असं चारचौघांत विचारत. आदल्या रविवारी त्या पहिल्यांदाच मंडळात बोलायला उभ्या राहिल्या. एक मिनिट बोलल्या. "माझ्या वॉर्डाच्या पोरांनी गाणं म्हटलंय. या आठवड्यात वैजूच्या दुकानात जाऊन घ्या. दुसरीकडनं घेतलं तर मोजणार नाहीत."

मंडळात पस्तीस-चाळीस घरं होती. सिस्टरांचा शब्द कुणी मोडला नाही. सगळ्यांनी तो आपापल्या परीनं पाळला, एवढंच.

गुरुवारी संध्याकाळी ड्यूटी संपवून सिस्टर दुकानात आल्या.

"किती गेल्या गं?"

"पाच."

"पाच? कर्णिक तर म्हणाले, मंडळातली झाडून सगळी येऊन गेली."

"आली ना. एकेचाळीस जणांनी पैसे दिले." मी काउंटरखालचं खोकं उचलून वर ठेवलं. "आणि रेकॉर्डी इथंच ठेवून गेले. दान दिलं म्हणाले. दानाच्या बदल्यात काही घ्यायचं नसतं म्हणाले."

सिस्टर खोक्याकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी मंडळाबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझ्याच ध्यानात यायला पायजे होतं."

पैशांचा प्रश्न नव्हता. पैसे डब्यातून वॉर्डाला जाणारच होते. प्रश्न होता डेनिसचा, आणि तो मला ठाऊक होता.

डेनिस अकरा वर्षांची होती. आदल्या ऑक्टोबरात घरी बटाटे तळताना कढईनं पेट घेतला आणि तिच्या चेहऱ्याची डावी बाजू आणि मान भाजली. पाच महिने ती वॉर्ड नाइनमध्ये होती. जखमा भरल्या होत्या, डॉक्टर घरी जा म्हणत होते, पण ती जात नव्हती. पलंगाभोवतीचा पडदासुद्धा उघडू देत नव्हती. गाण्याचं रेकॉर्डिंग वॉर्डातच झालं. त्या दिवशी मी मुलांसाठी शंकरपाळे घेऊन गेले होते, म्हणून हे मी पाहिलं. दुसरं कडवं डेनिसचं एकटीचं होतं. ती पडद्यातून बाहेर येईना, तेव्हा लेननं माइक पडद्याखालून आत सरकवला. ती गायला लागली आणि माझा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. मला गाण्यातलं कळत नाही हे मी आधीच सांगितलंय. तरीही तो आवाज संपू नये असं वाटलं.

गाणं झाल्यावर पडद्याआडून तिनं विचारलं, "सिस्टर, हे रेडिओवर लागेल?"

"लागलं तर काय होईल?"

"लोक मला आधी बघतात. एकदा बघितलं की मी काय बोलते ते त्यांना ऐकूच येत नाही. एकदा तरी लोकांनी मला आधी ऐकावं. नंतर बघितलं तरी चालेल. मग मी घरी जाईन."

सिस्टर म्हणाल्या, "मी बघते."

त्या कधी पेशंटला 'होईल' म्हणत नसत, 'बरं वाटेल' म्हणत नसत. 'मी बघते' म्हणाल्या की वॉर्डातल्या नर्सेस ते झालंच असं धरून चालत. गावच्या रेडिओनं गाणं दोनदा लावलं, पण ते डेनिसच्या लेखी काहीच नव्हतं. गावात तिला सगळ्यांनी आधीच पाहिलं होतं. म्हणून सिस्टरांनी देशभर ऐकल्या जाणाऱ्या सकाळच्या कार्यक्रमाच्या निवेदकाला पत्र लिहिलं. त्याचं सभ्य उत्तर आलं. अशी गाणी आठवड्याला ढिगानं येतात, सगळी लावणं शक्य नाही. तुमचं पहिल्या पंच्याहत्तरात आलं तर एकदा नक्की लावीन. पहिल्या आठवड्यात गाणं एकोणऐंशीव्या नंबरावर आलं होतं. अशा गाण्यांना दुसरा आठवडा मिळतो, तिसरा मिळत नाही, असं पिकरिंगबाई म्हणाल्या होत्या.

"सिस्टर, एक म्हणू?" मी आवाज खाली आणला. "पैसे तर आलेत. म्हणजे विक्री झालीच की. मी एकेचाळीस नंबर टाकून देते."

"रेकॉर्डी दुकानाबाहेर गेल्यात का?"

"नाही, पण..."

"मग गेल्या नाहीत." त्यांनी मशीनकडे बोट केलं. "काय म्हणतात गं हे सगळं भरून होतं त्याला?"

"चार्ट."

"आमच्याकडं पण चार्ट असतोय. पलंगाच्या पायथ्याशी. न दिलेला डोस दिला म्हणून मी त्यावर लिहिलेलं नाही. तीस वर्षांत नाही. एकदा लिहिलं की त्या कागदावरचं खरं कुठलं नि खोटं कुठलं, पुढच्या पाळीच्या नर्सला काय कळणार?"

"हे गाण्याचं आहे, सिस्टर. यात कुणाचा जीव जात नाही."

"चार्ट म्हंजे चार्ट," त्या म्हणाल्या. "आणि त्या पोरीला काय सांगू? तुला ऐकलं कुणी नाही, पण वैजूनं बटणं दाबली म्हणून लावलं?"

त्या उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. मला त्यांचा राग आला, हे खरं सांगून टाकते. मला वाटलं, ही बाई स्वतःच्या नियमापायी त्या मुलीला पडद्यात ठेवणार. मोठेपणा स्वतःचा आणि भोगणार ती.

शुक्रवारी दुपारी पिकरिंगबाई बँकेत गेल्या. दुकानात कुणी नव्हतं. गाण्याचा नंबर मला पाठ होता. मी तो एकदा टाकला. काहीच झालं नाही, मशीन नेहमीसारखं टिक वाजलं. दुसऱ्यांदा टाकला. बारापर्यंत गेले आणि थांबले. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "भाजीत मीठ दोनदा पडलंय." मी म्हटलं, पडू दे.

शनिवारी सकाळी नऊला मी दार उघडलं, तर बाहेर कर्णिककाका आणि काकू उभे होते. काका बंद गळ्याच्या कोटात, काकू इरकली नेसून, वर जाडजूड स्वेटर. त्यांच्यामागे देसाई, त्यांच्यामागे मोकाशी, त्यांची सासू, दोन मुलं. रांग शेजारच्या चांभाराच्या दुकानापर्यंत गेली होती. काकांनी दाराशी थांबून बूट काढले, पायपुसण्याच्या कडेला नीट लावून ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी आत आले. ते बघून मागच्यांनीही काढले.

"व्ही," पिकरिंगबाई माझ्या कानाशी आल्या, "हे लोक बूट का काढताहेत?"

मलाही माहीत नव्हतं. काका काउंटरपाशी आले. उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा धरला.

"दे."

"काय देऊ, काका?"

"प्रसाद."

मी दाराकडे पाहिलं. रांगेच्या कडेला, दाराजवळ, इंदूसिस्टर उभ्या होत्या. रात्रपाळी करून थेट आल्या असाव्यात, कारण कोटाखालून निळा गणवेश दिसत होता.

"काल रात्री फोन आला इंदूबाईंचा," काका म्हणाले. "म्हणाल्या, दान दिलंत ते बरोबर केलंत. पण दान दिल्यावर प्रसाद कोण नाकारतं हो? देवळात पैसे टाकून प्रसादाला पाठ दाखवून निघून जाता का? मी काय बोलणार. बाईंनी माझी चूक माझ्याच पदरात घातली."

"माझ्याही," मागून मोकाशींची सासू म्हणाली. "फोनवरच कान धरले मी."

मी रेकॉर्ड त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी ती कपाळाला लावली. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र काळजी होती.

"इंदूताई, प्रसाद उरवायचा नसतो. हा संपवायचा कसा?"

"ऐकून," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही बाजू. अर्धवट टाकायचा नाही."

"आणि यंत्र नाही आमच्याकडे."

"देसायांकडं आहे. सगळी मिळून तिथं जावा."

काकूंना हे पटलं. देसाईकाकूंच्या तोंडावर मात्र 'एवढ्यांचा चहा करायचा' हे स्पष्ट दिसलं. मला हसू आवरेना. मी सिस्टरांना विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? मिरजेला आमच्या शेजारी बामणाचं घर होतं. सत्यनारायण असला की काकू शिरा द्यायच्या. दारातच द्यायच्या, आत न्यायच्या नाहीत. एकदा माझी आई रागानं नको म्हणाली, तर काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, मला काय बोलायचं ते बोल, प्रसाद नको म्हणू नको." त्यांनी रांगेला पुढे सरकायची खूण केली. "आईनं घेतला मग. तुमची रीत मला दारातनं पाठ झालीय."

रांग पुढे सरकत होती. मी एकेकाच्या हातावर रेकॉर्ड ठेवत होते. कुणी कपाळाला लावत होतं, कुणी डोळ्यांना. आणि प्रत्येक वेळी माझा हात मशीनकडे जात होता आणि मागे येत होता. नंबर टाकायचा नव्हता. बारा आधीच टाकलेले होते. पहिले बारा असेच जाऊ द्यायचे, मग तेराव्यापासून टाकायचे, म्हणजे आकडा खरा होईल, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. चौथी रेकॉर्ड गेली आणि सिस्टर काउंटरच्या आतल्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"मशीन बिघडलंय का?"

"नाही."

"मग नंबर टाकत नाहीस ते?"

पाचव्या होत्या मोकाशींच्या सासूबाई, त्या हात पुढे करून उभ्या होत्या. मी त्यांना रेकॉर्ड दिली. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पलंगावरच्या माणसाकडे बघावं तसं, घाई न करता.

"किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"बारा," मी म्हटलं. "काल दुपारी." "तुम्ही गेल्यावर मला राग आला होता तुमचा."

रागावतील असं मला वाटलं. हे सगळं इथंच थांबवतील, रांगेतल्या लोकांना घरी पाठवतील, असंही वाटून गेलं. त्यांनी फक्त घड्याळ सरळ केलं.

"डबल डोस गेला असंल तर पुढचा गाळायचा," त्या म्हणाल्या. "ते बरोबर करतीयस. पण सांगायचं असतंय गं, वैजू. एकटीनं मोजत बसलं की हात थरथरतोय, नि मग आणखी चुकतंय. किती झाल्या?"

"पाच."

"हं. सहा," त्या म्हणाल्या आणि मागच्यांना पुढे बोलावलं. "सात. आठ." लोकांना वाटलं सिस्टर प्रसाद घेणाऱ्यांची मोजदाद करताहेत. एक शाळकरी मुलगा बारावा होता. त्याच्या हातावर रेकॉर्ड पडली तसं त्या म्हणाल्या, "बारा. आता टाक." तेराव्या गृहस्थापासून मी नंबर टाकायला लागले.

सगळे एकेचाळीस आले. शेवटचे गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आता बाईंना सांग."

"त्यांना कशाला? आकडा तर जुळला."

"मशीन त्यांचं आहे."

मी पिकरिंगबाईंना सांगितलं. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, पण माझ्या वतीनं एक शब्द बोलल्या नाहीत. बाईंचा चेहरा लाल झाला. मग म्हणाल्या की आकडा जुळला म्हणून त्या लंडनला कळवणार नाहीत, पण महिनाभर मी मशीनला हात लावायचा नाही. वर असंही म्हणाल्या की आज सकाळी न सांगता गप्प राहिले असते, तर सोमवारी मला यायची गरज पडली नसती. मी मान खाली घालून ऐकलं. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "चल, चहा पाज. रात्रीपासनं उभी आहे मी." त्या दिवशी त्या बसच्या थांब्यावर उभ्यानं दोन कप चहा प्यायल्या आणि तेवढ्यात मला सांगितलं की लीड्सला आणि कार्डिफला त्यांच्या मैत्रिणी आहेत, रात्री त्यांनाही फोन केलेत. तिथंही दान करून रेकॉर्ड परत देणारे निघाले होतेच. तिथल्या लोकांनी बूट काढले की नाही, ते मला कधी कळलं नाही.

मंगळवारी दुपारी पिकरिंगबाईंनी फोन लावला, ऐकला, ठेवला. एका कागदावर आकडा लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. पंच्याहत्तर. याहून खाली चार्टात जागाच नव्हती.

बुधवारी सकाळी सव्वादहाला गाणं लागलं. आम्ही दुकानातला रेडिओ मोठा केला. निवेदकानं हॉस्पिटलचं नाव चुकीचं उच्चारलं, पण दुसऱ्या कडव्याच्या आधी तो म्हणाला, "आता ऐका, ही डेनिस." पिकरिंगबाई हातातलं पुसायचं फडकं न हलवता ऐकत होत्या. दोन मिनिटं पन्नास सेकंद. पुढच्या आठवड्यात गाणं यादीतून गेलं ते कायमचं. आज जुन्या याद्या चाळणाऱ्या लोकांनासुद्धा ते सहसा आठवत नाही.

त्या दिवशी डेनिसनं वॉर्डात रेडिओ पडद्याच्या आत घेतला होता. दुपारी तिनं आईला फोन करून कोट आणायला सांगितलं. हे मला सिस्टरांनीच सांगितलं, आणि सांगताना त्या दुसरीकडे बघत होत्या.

पुढच्या शनिवारी सकाळी मी काउंटरमागे पिशव्या घडी करत बसले होते. मशीनला हात लावायला मला मनाई होतीच. पिकरिंगबाई शिडीवर चढून वरच्या फळीवरचे अल्बम लावत होत्या, त्यांची दाराकडे पाठ होती. मला काचेतून समोरचा बसथांबा दिसत होता. तिथं इंदूसिस्टर उभ्या होत्या, घरच्या कपड्यांत, दुकानाकडे पाठ करून. मला नवल वाटलं, कारण बस नुकतीच गेली होती आणि त्या चढल्या नव्हत्या.

दार उघडलं. कोटाची टोपी नाकापर्यंत ओढलेली एक मुलगी आत आली. मी ओळखलं, पण बोलले नाही. ती दारापाशीच थांबली. शिडीवरच्या पाठीकडे तिनं पाहिलं.

"'वॉर्ड नाइन'चं गाणं आहे का?" तिनं विचारलं.

पिकरिंगबाईंचा हात फळीवर थांबला. त्या वळल्या नाहीत.

"शेवटच्या दोन उरल्यात," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पण थांब. हा आवाज मी ऐकलाय. बुधवारी, सव्वादहाला. दुसरं कडवं."

मुलगी एक पाऊल पुढे आली.

"तूच ना ती?"

"हो."

"मी चाळीस वर्षं गाणी विकतेय," पिकरिंगबाई फळीशीच बोलत होत्या. "आवाज लक्षात राहिला की राहिला. तुझा राहिला."

बाईंना ती कोण आणि कशी दिसते हे आधी कुणी सांगितलं होतं का, हे मला आजपर्यंत माहीत नाही. सांगितलं असेल तर सिस्टरांनीच. नसेल, तर त्या चांगल्या बाई होत्या, एवढंच. पण समोर थांब्यावर पाठ करून उभी असलेली ती बुटकी बाई मला त्या क्षणी इतकी मोठी वाटली की बाहेर पळत जाऊन तिच्या पाया पडावं असं झालं. तिनं शब्द पाळला होता, आणि तो पाळताना खोटं काही वापरलं नव्हतं. माझी बारा बटणंसुद्धा तिनं वजा करून घेतली होती. जे उरलं ते सगळं डेनिसचं होतं.

डेनिसनं टोपी मागे सारली.

"आता वळलात तरी चालेल," ती म्हणाली.

पिकरिंगबाई शिडीवरून सावकाश उतरल्या आणि वळल्या. तिच्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात तू श्वास फार उशिरा घेतेस."

"माहीत आहे," डेनिस म्हणाली. "पुढच्या वेळी आधी घेईन."